खिळ्यावरची काळी गरी

—नाही, ती नाही. ती विकायची नाही असं मी आताच म्हणालो ना? मग हात पुन्हा तिकडेच कसा जातो? इकडे पहा, भाऊसाहेब. या फळीवर अकरा गऱ्या मांडल्या आहेत, एकेक पाहत राहावी अशी — लाखेचा लाल रंग, मुठीला पितळेची कडी, हिरव्या-पिवळ्या दोऱ्याचे वेढे, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बोट कुठं अडखळणार नाही इतकी गुळगुळीत — आणि तुम्ही पाहता दाराजवळच्या खिळ्याकडे, जिथं एक काळी, गाठाळ, चुलीतून ओढून काढल्यासारखी काठी उलटी टांगली आहे! अमरावतीच्या इतवाऱ्यात मासे धरायच्या गऱ्या विकणारं दुकान हे एकच. अब्दुल सत्तार एवढं नाव घेतलं की टांगेवाला पत्ता न विचारता आणून सोडतो. आणि इथवर येऊन माणसानं मागावं काय, तर ते. बसा. बाकावर बसा, उभ्यानं काठी निवडता येत नाही.

तुम्ही विचारलंत, माशाला रंग दिसतो का? चांगला प्रश्न आहे. मला हा प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी विचारतं आणि विचारताना प्रत्येकाला वाटतं की आपणच पहिले. नाही दिसत. माशाला दिसतो तो गळाला लावलेला किडा, फार तर पाण्यावर पडलेली सावली. पण भाऊसाहेब, गरी विकत घेतो तो मासा नव्हे. गरी घेतो माणूस, आणि त्या माणसाला वडाळीच्या तलावावर चार माणसांत बसायचं असतं. सकाळी सहाला बसला तर दहापर्यंत मासा लागेलच असं नाही — बहुधा लागत नाहीच — मग चार तास लोक पाहतात काय? त्याची गरी पाहतात. म्हणजे हिशेबानं पाहिलं तर काठीचं मुख्य काम मासा धरणं हे नसून दिसणं हेच ठरतं. हसू नका, मी विचार करून बोलतो आहे. नऊ वर्षं सरकारी शाळेत सुतारकाम शिकवलं आहे मी. ही भाषाही तिथलीच, हेडमास्तर पुण्याकडचे होते, ‘मले-तुले’ ऐकलं की कपाळाला आठ्या घालत. घरात आमची उर्दू, कामावर वऱ्हाडी. हत्यारांना उर्दू कळत नाही असं अब्बा म्हणायचे.

आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, अंगावर झूल घालतात, कपाळाला बाशिंग बांधतात. त्यानं बैल नांगराची दोन तासं जास्त ओढतो? नाही ओढत. पण तुमच्या गावात कोणी बिनरंगाचा बैल तोरणाखाली उभा करून दाखवावा! लोक बैलाला हसणार नाहीत, धन्याला हसतील. माणसानं ज्या ज्या वस्तूवर जीव टाकला ती ती त्यानं सजवली — नांगर नाही सजवला तर निदान त्याची पूजा केली. मग मी काठीला रंग दिला तर कोणता गुन्हा केला? हे मी पूर्वीही सांगितलं आहे. ज्याला सांगितलं त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘पोयाले बैल सजवतात सत्तार, त्याचं हाड नाई तासत कोनी.’ — जाऊ द्या.

तुम्ही आता ही चरखी पहा. दोरा गुंडाळायची. पूर्वी आम्ही शिसवीची करायचो, खरादावर, आवाज म्हणाल तर नखाएवढा नाही. कोणी घेईना. मी निकेलचा मुलामा दिला आणि आत एक पितळेची जीभ बसवली — फिरवा, फिरवून पहा — कर्रर्र! आता मासा लागला की सगळ्या काठाला कळतं. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्यांचे बागायतदार आले, ही चरखी त्यांनी कानाजवळ धरून वीस वेळा फिरवली, लहान मुलाला खुळखुळा मिळावा तसे. घेतली. दोन वर्षांनी त्यांच्या बैठकीत गेलो तर हरणाच्या शिंगांखाली भिंतीवर लावलेली! दोरासुद्धा ओवलेला नाही. मी म्हणालो, मालक, पाण्यात नाही नेली? तर म्हणतात, ‘नेली अन् खराब झाली तं?’ सांगा, अशा माणसाला मी गाठाळ काठी विकू? मला राग येतो, भाऊसाहेब. गिऱ्हाइकाचा नाही… म्हणजे गिऱ्हाइकाचाच येतो. ते चमक मागतात म्हणून मी चमक देतो, आणि मग तुमच्यासारखा एखादा येतो आणि माझ्याच दुकानात माझ्याकडे असं पाहतो, जसं काही मीच—

थांबा. हे काय केलंत आता?

नाही, काठी उचललीत ते नव्हे. उचला, त्यासाठीच मांडली आहे. तुम्ही ती कानाशी धरून नखानं टिचकी मारलीत. पेरावर एक आणि गाठीवर एक. आणि डोळे मिटलेत. हे कुठं शिकलात? असं कोणी करत नाही. अमरावतीत कोणी करत नाही, साहेबलोक तर वाकवून पाहतात आणि दाम विचारतात. सहज केलंत म्हणता? टिचकी कोणी सहज मारत नाही. तो आवाज कळायला कान तयार व्हावा लागतो — बांबू वाळला की तो घंटीसारखा बोलतो, आत किडा असला की खोकतो, आणि गाठ तासलेली असली की… मुका होतो.

खाली ठेवा ती. हो, मुकी आहे. मला माहीत आहे.

बरं, कान तयार आहे तुमचा तर सांगतो, तुम्हाला सांगायला हरकत नाही. माझे थोरले भाऊ होते. होते म्हणजे आहेत. अब्दुल गफ्फार. गरी कशी करायची हे त्यांच्याइतकं या वऱ्हाडात कोणाला कळलं नाही, मलाही नाही. मेळघाटातून कोरकू लोक बांबू आणत, भाईजान विचारायचे, कधी तोडला? वद्य पक्षात तोडला असेल तरच घ्यायचे, शुद्ध पक्षातल्या बांबूत गोडवा राहतो आणि गोडव्याला किडा येतो. मग तो चुलीवर, धुरात, शेंडा खाली करून सहा महिने टांगायचा. माझी बायको नसीमबानो ओरडायची, स्वयंपाकघर की स्मशान! सहा महिन्यांनी तो असा काळा व्हायचा. त्या गाठींना मात्र हत्यार लावायचं नाही. गाठ हेच बांबूचं हाड. तिथं सगळे धागे एकमेकांना धरून असतात. मी स्वतः नऊ वर्षं फळ्यावर हेच लिहीत आलो, धागा तुटला की लाकूड मेलं. मुलांकडून घोकून घेत होतो.

दरवर्षी दोन करायचे ते, बांबूच्या एकाच बेटातल्या, जोडीनं. ही काळी त्यांतलीच एक. दुसरी… ती भिंतीवरची काच दिसते? सर्टिफिकेट आहे. एका गोऱ्या साहेबांचं, आता विलायतेला परत गेले. वाचा, इंग्रजी येत असेल तर. ‘इतकी देखणी गरी हिंदुस्थानात पाहिली नव्हती, कारागीर अब्दुल सत्तार यांस शाबासकी.’ लोक ते वाचतात आणि मग दाम कमी करा म्हणत नाहीत. तारीख? तारखेला काय करायचं आहे? हो, चार मार्च. — नाही, सिपना नदीवर ते आठ तारखेला गेले. म्हणजे सर्टिफिकेट आधीचं. काठी पाण्यात जायच्या आधीचं. त्यात खोटं काय आहे? त्यांनी पाहिली, आवडली, लिहून दिलं. दिसण्याचं सर्टिफिकेट आहे ते, दिसण्यापुरतं शंभर टक्के खरं आहे.

साहेबांना गरी हवी होती, भाईजाननी केली, या काळीची जोड. मी पाहिली आणि माझं मन खचलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातात हे? ही भुतासारखी काठी? भाईजान त्या दिवशी बांबू पाहायला परतवाड्याला गेले होते. मी कानस घेतली. आधी फक्त काजळी काढणार होतो, अल्लाची शपथ, फक्त काजळी. काजळी काढली तर गाठी अधिकच उठून दिसायला लागल्या. मग एक गाठ सपाट केली. एक केली तर बाकीच्या विसंगत दिसायला लागल्या — तुम्हाला माहीत आहे ते, एका भिंतीला चुना दिला की दुसरी मळकी दिसते. पाच गाठी तासल्या. वर लाख चढवली, कड्या बसवल्या. बुंध्याला भाईजानची खूण होती, साहेबलोकांनाही ओळखीची, गरम सुईनं डागलेले तीन ठिपके, ती तेवढी राहू दिली. का राहू दिली? आता मला वाटतं… चांगल्या हेतूनं राहू दिली. साहेबांचा माणूस दुपारी येऊन घेऊन गेला.

साहेबांनी सिपनेवर भाईजाननाच सोबत नेलं. दोन दिवस काही लागलं नाही; काठी साहेबांच्याच हातात, भाईजाननी लाख पाहिली ती दुरूनच. तिसऱ्या दिवशी महसीर लागला, मोठा, आणि काठी मधोमध, तिसऱ्या गाठीवर, काकडीसारखी मोडली. सूर्यभान भोई तिथं जाळं घेऊन उभा होता, त्यानं मला सांगितलं सगळं. साहेबांनी बुंधा उलटा करून तीन ठिपके पाहिले, आणि सगळ्या लवाजम्यासमोर भाईजानला जे बोलले ते मी तोंडानं उच्चारणार नाही. भाईजाननी पाण्यात उतरून शेंड्याकडचा तुकडा काढला. मोडलेलं तोंड पाहिलं. तिथं लाखेखाली कानशीचे ओरखडे अगदी स्पष्ट होते, कोणीही पाहिलं असतं तर कळलं असतं. सूर्यभान म्हणतो, ‘त्यायनं ते तोंड मुठीत झाकलं, मास्तर. साहेबानं मांगलं तं म्हने, माहीच चूक झाली, बांबू कच्चा होता.’

बांबू कच्चा होता, म्हणे! ज्यानं जन्मात कच्चा बांबू हाती धरला नाही.

घरी आले, रागावले नाहीत. मी वाट पाहत होतो रागवायची, माझी उत्तरं तयार होती, हेच पोळ्याचं, वडाळीच्या तलावाचं, सगळं. ते एवढंच म्हणाले, ‘काठी दिसत मातर सुंदर होती, सत्तार.’ उरलेली जोड या खिळ्याला टांगली, आपला चाकू कमरेला लावला आणि गेले. सहा वर्षं झाली. तेल्हाऱ्याला कुठंशी सरकी काढायच्या कारखान्यात लाकडाची दुरुस्ती करतात असं ऐकलं. तेल्हाऱ्याला! जिथं नजर जाईल तिथवर कापूस.

मी काय करायला हवं होतं? जायला हवं होतं? लोक विचारत होते, मी म्हणालो, भाईजानचा बांबू कच्चा निघाला. माझं वाक्य नव्हे ते. त्यांचंच वाक्य होतं, मी फक्त… पुढं चालवलं. सहा वर्षं चालवलं. दुकान चालायचं होतं.

काय पाहता बोटाकडे? त्या काळीला हात लावलातच? तेल लागलं? लागणारच. जवसाचं आहे. दर पंधरा दिवसांनी लावावं लागतं, नाहीतर बांबू तडकतो. — विकायची नाही तर तेल कशाला लावता! काय प्रश्न आहे! वस्तू आहे, सांभाळतो. धूळ बसू देऊ? तुम्ही आल्यापासून एकेक विचारून माणसाकडून सगळं काढून घेता. एक तर गरी घ्या, नाहीतर—

काय म्हणालात? ‘जोड’? मी जोड म्हणालो म्हणून तुम्ही—? नाही? तुम्ही येतानाच जोड विचारणार होतात?

कुठले तुम्ही?

तेल्हाऱ्याचे. शाळेत मास्तर. आणि टिचकी मारायला… त्यांनी शिकवलं. बरे आहेत? कान? कान शाबूत आहेत ना? खोकला? तो जुनाच आहे, चुलीच्या धुरानं. — हं. आणि माझ्यासाठी काय सांगितलं? नीट सांगा, त्यांचेच शब्द सांगा, शाळेतल्या भाषेत फिरवू नका.

‘खियाले काठी असन तं पाहाजा. रंगवली असन तं राहू देजा. नाई रंगवली, तं घेऊन या.’

एवढंच? आणखी काही नाही? माझं नाव नाही घेतलं?

पहा मग. उजेडात नेऊन पहा, मास्तर. एक तरी गाठ तासली आहे का? रंगाचा एक टिपका आहे का? टिचकी मारा. मारा! ऐकलं? बोलते ना? घंटीसारखी बोलते अजून. सहा वर्षं कानस माझ्या हाताशी आहे, सहा वर्षं येणारा-जाणारा म्हणतो हे दारात काय टांगलं, आणि मी—

नाही. नाही म्हटलं ना. द्या ती इकडं. तुमाले नाई देत मी. कोनालेच नाई देत. सांगजा त्याले, नाई रंगवली म्हना. तुमी सवताच्या डोयानं पाह्यली म्हना, कानानं आयकली म्हना. पन काठी इथून हालत नाई. ज्याची हाये त्यानं यावं. पाय हायेत त्याले. मोटर येते तेल्हाऱ्याहून. मी काहून पाठवू? पाठवली तं तो कायले येईन मंग?

चला, उठा. दुकान बंद करून राह्यलो मी. गरी घ्याची नसन तं उठा. आन् ते… भितीले नका टेकवू, वाकते ते. खियाले टांगा. अशी नाई. शेंडा खाली.

हां. जा आता.