मायलेकींतली एक

हरकती नोंदवायच्या रांगेत माझ्यापुढे एक काका आणि एक बाई होत्या.

"घरात एकच कुत्रं, असा नियम करतायत. मायलेकींतली कुठली देऊन टाकू, ताई?"

"म्हातारी द्या."

"आंधळी आहे हो. लेकीच्या अंगाला अंग लावून चालते."

"मग लेक द्या."

"आणि म्हातारीनं भिंतींना धडकत फिरायचं? दुपारी झोपेत दोघींचे पाय एकदम हलतात."

"स्वप्नात पळत असतील."

"हो. तिथं म्हातारी पुढे असते."

"कशावरून?"

"झोपेतच मान वळवून मागे बघते ना."

"काका, मी नियम हवा म्हणून सांगायला आलेय. भुंकण्यानं डोकं उठतं माझं."

"मग तुमची रांग पलीकडची."

"जाते हो. लेक गाठते का तिला?"

"नाही. तेवढ्यात जाग येते, आणि म्हातारी नाकानं लेकीला शोधायला लागते."