भिंतीवरचा काळा कागद

हसा लेको, पण तो काळा कागद मी भिंतीवरून काढत नसतो. आधी ऐका.

त्या दिवशी आंजीच्या बाजारात वांगे विकता विकता छातीत जळजळ सुटली. मी सोडा पेलो. माही पोरगी सुनीता सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिच्याकडे गॅसची गोळी मागाले गेलो. तिनं सरळ खाटेवर झोपवलं, छातीले वायरी लावल्या अन् ईसीजी काढला. कागदावर मशीननं 'नॉर्मल' छापलं.

"झालं ना? दे आता गोळी," म्हटलं, "तिकडं भाजी सुकून राह्यली."

"बाबा, गुपचूप पडून राहा. दहा मिनिटांनी पुन्हा काढाचा आहे."

"काऊन? मशीनपेक्षा तू जास्त शिकली का?"

"मशीननं तुमचा घाम नाई पाह्यला."

दुसऱ्या कागदावर रेषा वर चढली होती. डॉक्टरनं ते पाह्यलं अन् लगेच ॲम्बुलन्स बोलावली. वर्ध्यात मोठ्या डॉक्टरनं नस मोकळी केली अन् मले म्हणाले, "अटॅकच होता. पोरीनं वेळेवर ओळखला."

घरी आल्यावर मी तो दुसरा कागद लॅमिनेशनले नेला. पोरीचं सर्टिफिकेटच ना ते! पण गरमी लागली अन् कागद काळाठिक्कर पडला. ईसीजीचा कागद तापला की काळा होते, हे मले कुठं माहीत?

सुनीता म्हणे, "फेका तो, बाबा. त्यात आता काई दिसत नाई."

म्हटलं, "जिले पाहाचं होतं, तिनं टायमावर पाह्यलं. बाकीच्यायनं मले पाहावं!"