तोफेत मारलेली हाक

देवाशप्पथ, हा किस्सा अक्षर न् अक्षर खरा आहे. एक जागा सोडून. ती शेवटी सांगतो.

आमच्या देऊळघाटचा रफिकभाई लोहार. त्याच्या बायकोनं आयुष्यभर एकच मागितलं, एकदा समुद्र दाखवा. हा दरवर्षी म्हणायचा, पेरणीचा हंगाम सरू दे. ती गेली, तेव्हाही भट्टीवर वखराची पातीच तापत होती. शेवटी यंदा मीच त्याला कोकणात नेला.

बोटीतून किल्ल्यावर उतरलो, तर हा समुद्राकडे पाठ करून थेट तोफांपाशी! टकटक वाजवून म्हणतो, "ओतीव लोखंड आहे. कुठं चीर नाही."

"अबे, समुद्र पाह्य ना!"

"एकटाच कसा पाहू बे?"

मग आपण विहिरीत वाकून हाक मारतो ना, तसं यानं तोफेत तोंड घातलं. घरात बोलायचा तसाच ओरडला, "अगे, सुनती क्या? समुंदर पे आया मैं!"

पहारेकरी धावत आला. "ओ काका, डोकं काढा बाहेर!"

"थांबा ना साहेब, तिले बोलू तं द्या."

आणि तोफेतून आवाज आला, "इत्ती देर कर दी?"

पहारेकऱ्यानं टोपीच काढली.

आता ती जागा. आवाज आला नव्हता. तोफ आतून सिमेंटनं बुजवलेली, साधी हाकही घुमली नाही. पण शेवटची बोट सुटेपर्यंत रफिकभाई तिथं कान लावून बसला होता, आणि पहारेकऱ्यानं त्याला उठवलं नाही.