मागच्या खोलीतला स्टुडिओ

...आणि वर तो सुतार मलाच विचारतो, "साहेब, एवढं जाड दार कशाला, आत कुणाला कोंडायचंय का?" आता याला काय सांगणार? तुम्हाला सांगतो, मागितलं काय होतं मी? एक शांत खोली. बस्स.

झालं असं, की मी लोकांचे आवाज रेकॉर्ड करतो, गाणी, जाहिराती, मिळेल ते, आणि भाड्याची जागा सोडावी लागली म्हणून घरातल्याच मागच्या खोलीत स्टुडिओ करायचं ठरवलं. सावकाश केलं असतं हो, पण ताईच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, जन्मभर गात आलेली, आणि डॉक्टर म्हणाले, नंतर आवाज असाच राहील याची खात्री नाही. ती फोनवर म्हणाली, "त्याआधी माझी गाणी घेऊन ठेव, लेकीसाठी." एवढंच बोलली, आणि लगेच तुमच्याकडे उकडतंय का वगैरे विचारायला लागली. फोन ठेवला आणि मी सुतार बोलावला.

माणूस कामाला चोख, पण गुणगुणायची खोड. दोन ठोके, गुणगुण, दोन ठोके, गुणगुण... आणि तेही नेमकं बेसूर. भिंतींवर जाड गाद्यांसारख्या चौकटी ठोकल्या, दाराला रबर लावलं, आत बघायला दारात काच बसवली, खिडकी बुजवली. मी टेबल मधोमध मांडलं, दोन्ही स्पीकर दोरीनं मापून सारख्या अंतरावर ठेवले, तोच बायको आली. "अहो, मग कपाटाचं दार कसं उघडणार?" म्हटलं, अगं, पण इथं कपाट कशाला? "मग पांघरुणं कुठं ठेवू, तुमच्या डोक्यावर?" टेबल सरकलं, कपाट राहिलं. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा काढला, तर अण्णा, म्हणजे आमचे वडील, डोकावून म्हणतात, "गाणाऱ्यांना घाम येत नाही वाटतं?" अहो, मागितलं काय होतं मी? एक शांत खोली.

आणि झाली की हो शांत. अशी शांत, की दार लावलं की आपलंच पोट बोललेलं ऐकू यावं.

ताई आली. आत उभी राहिली, माईकसमोर तोंड धरलं, मी काचेतून खूण केली... आणि ही गप्प. परत खूण केली. गप्प. शेवटी कानावरचे हेडफोन काढून बाहेर आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "अरे, आत माझा श्वास तेवढा ऐकू येतो. मला सारखं ऑपरेशनच आठवतंय."

इतके दिवस खपून मी तिच्यासाठी नेमकी तेवढी शांतताच तयार केली होती. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. बायको भाजी चिरत होती, अण्णा टेबलाशी बसून खोकत होते, नळ ठिबकत होता, आणि ओट्याला टेकून बायकोशी बोलता बोलता ताईनं सहज सूर लावला. तुम्हाला सांगतो, मी जो धावलो. माईक, वायरी, स्टँड, सगळं ओढत आणलं. अण्णांनी एका तानेत खोकला दाबून धरला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाणी खोकल्याचंच होतं असं ते अजून म्हणतात. बायकोची सुरी थांबली ती थांबलीच. सगळी गाणी तिथंच झाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. ताईचा आवाज जरा जाडावलाय, पण गाते. लेकीनं ती गाणी मैत्रिणींना ऐकवली, त्यांनी आणखी कुणाला, आणि आता मला कामंही येतात. फक्त मागच्या खोलीत मला जाता येत नाही. तिथं अण्णा दुपारचे झोपतात. पंखा त्यांनी परत लावून घेतला.

मागितलं काय होतं मी... जाऊ दे. परवा एका गायकाचा फोन आला. "तो स्वयंपाकघरातला स्टुडिओ तुमचाच ना?"

मी म्हटलं, "हो. फक्त फोडणीच्या आधी या."