आज पाकळी नको

मंडळी, ऐका. देवापुढे उभं राहून आपण विचारतो — देवा, हे करू का नको करू? मुलगी त्या घरी देऊ का? ऑपरेशन करून घेऊ का? विचारतो ना? नुसती मान हलवू नका, मीही विचारतो. आता मला सांगा, उत्तर कोण देतं? देव देतो? का देवाच्या शेजारी उभा असलेला माणूस देतो? आणि तो माणूस मुद्दाम खोटं बोलला, तर आपण इतकी वर्षं देवाशी बोललो, की आणखी कुणाशी?

एवढाच प्रश्न आहे आजचा. निरूपणाला अभंग घेतला नाही म्हणून विणेकरीबुवांनी मघाशी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. पाहू द्या. आजचं आख्यान पोथीतलं नाही, घडलेलं आहे. तुमच्यातल्या काहींनी ते माझ्याच तोंडून पूर्वी ऐकलंही असेल. ऐकलं असेल तर विसरा. मी ते चुकीचं सांगत होतो.

कोकणात खारेबंदर नावाचं गाव. मासेमारी करणारी शंभरेक घरं, आणि गावाच्या मधोमध तळेश्वराचं देऊळ. देव म्हणजे एक काळा पाषाण, माणसाच्या छातीइतका उंच. त्या देवाचा गुरव लाडू. हो, नावच लाडू. हसा, पण माणूस अगदी सुपारीसारखा — कोरडा, टणक, कमी बोलणारा. लाडू गुरवाच्या घराण्याकडे सात पिढ्या एक काम होतं, कौल लावायचं. म्हणजे काय, तर फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या आणि देवाच्या दोन खांद्यांवर दाबून बसवायच्या. मग प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. गावातली लग्नं, भांडणं, बांध, नवी होडी — सगळं त्या दोन पाकळ्यांवर.

लाडू विशीत असताना त्याने बापाला विचारलं होतं, की पाकळी देव पाडतो का पाणी पाडतं? कारण बोट जास्त ओलं असलं की पाकळी जास्त वेळ चिकटते, हे त्याने पाहिलं होतं. बाप रागावला नाही. म्हणाला, हा प्रश्न गुरवानेच विचारला तर गावाने काय करायचं? झालं. लाडूने तो प्रश्न गिळला. आणि मंडळी, आपण तरी काय केलं? मी आठ वर्षांचा असताना आजीच्या दहाव्याला विचारलं होतं, कावळा शिवला नाही तर आजी उपाशी राहते का? थोबाडीत बसली. त्यानंतर पन्नास वर्षं मी कावळ्याबद्दल बोललेलो नाही.

असो. त्या गावात मथुरा नावाची बाई होती. वय चोवीस, लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. नवरा सहदेव, आणि सासू भागीरथी. नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी सहदेवची होडी उलटली. होडीत तिघं होते. दोघं फळीला धरून किनाऱ्याला लागले. त्यांनी सांगितलं, सहदेव आमच्या डोळ्यांदेखत खाली गेला. पण प्रेत मिळालं नाही. आईने ऐकलंच नाही. प्रेत नाही म्हणजे मुलगा आहे, असं तिने धरलं. महिनाभर ती धड जेवली नाही. मग एक दिवस सुनेला घेऊन देवळात आली. मागोमाग अर्धं गाव.

भागीरथी जमिनीवर बसली आणि तिने लाडू गुरवाचा पाय धरला. देवाचा नव्हे, गुरवाचा. म्हणाली, माझा सहदेव आहे का नाही, एवढं देवाला विचार.

लाडूने पाकळ्या घेतल्या. मंडळी, त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं, ते त्याने मला पुढे स्वतः सांगितलंय. त्याला त्या म्हातारीचं तोंड बघवेना. त्याने डावी पाकळी चांगली भिजवून अंगठ्याने घट्ट दाबली. उजवीच्या वेळी बोट धोतराला पुसलं आणि पाकळी नुसती टेकवली. हात मागे घेईपर्यंत उजवी पडली. म्हातारी ओरडली, आहे, माझा मुलगा आहे. बायकांनी तिला मिठ्या मारल्या. कुणीतरी घंटा बडवली. त्या गर्दीत मथुरेकडे मात्र कुणी पाहिलं नाही. लाडूनेही नाही.

भागीरथी त्या दिवशी पोटभर जेवली. लाडूही जेवला. त्याला वाटलं, आज आपल्या हातून पुण्य घडलं. दया आली, म्हणून खोटं बोललो, त्यात कुणाचं काय वाईट झालं?

वाईट झालं ते दुसऱ्या वर्षी दिसलं. शेजारच्या बंदरातला अनंत नावाचा माणूस, बायको गेलेली, शांत, कष्टाळू. त्याने मथुरेला मागणी घातली. भागीरथी दुष्ट नव्हती हो. पोरीचं वय तिला दिसत होतं. ती म्हणाली, सहदेव आहे का नाही, देवाला पुन्हा विचारू. डावी दिली तर मी स्वतः तिचं लग्न लावून देईन. बघा, केवढी संधी चालून आली होती लाडूकडे. पण आता दया राहिली नव्हती, भीती होती. आज डावी पडली तर गाव म्हणेल, मग गेल्या वर्षीची उजवी कशी? शिवाय त्या कौलाचं नाव झालं होतं. लांबच्या गावांतून, ज्यांचं कुणी बेपत्ता आहे, अशी माणसं यायला लागली होती. त्याने पुन्हा बोट धोतराला पुसलं.

अनंत दोन वर्षं थांबला. मग त्याने दुसरीकडे लग्न केलं. त्याला नावं ठेवू नका.

अशी अकरा वर्षं. दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सासू-सुना यायच्या, उजवी पडायची, त्या घरी जायच्या. मथुरा वाळूवर मासे सुकवायची, विकायची, सासूचं औषधपाणी बघायची. गळ्यातलं मंगळसूत्र तसंच. ही गोष्ट मला एका जेवणावळीत कुणीतरी सांगितली आणि मी तिचं आख्यान केलं. श्रद्धेवरचं आख्यान. अकरा वर्षं देवाच्या एका शब्दावर बसलेली सती! चाल लावली, टिपेचा सूर लावला. बायका पदराने डोळे पुसायच्या. मला फार बरं वाटायचं.

एकदा खारेबंदरच्या पलीकडच्या गावी मी हेच रंगवून सांगितलं. कीर्तन संपलं, मी आलं घातलेलं दूध पीत बसलो होतो. एक कोरडासा माणूस समोर येऊन बसला. म्हणाला, बुवा, मी लाडू गुरव. तो कौल मी लावला होता. आणि मग सगळं सांगितलं — धोतर, बोट, सगळं. पंधरवड्यापूर्वी घडलेलंही सांगितलं. ते ऐका.

माघात भागीरथी वारली. तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी मथुरा एकटी देवळात आली. आता ती पस्तिशीची. लाडूने सवयीने पाकळ्या तबकात घेतल्या. ती म्हणाली, "गुरवदादा, आज पाकळी नको."

त्यांची बोली मालवणी. माझ्या घाटावरच्या तोंडात ती बसत नाही, आणि नक्कल करून तुम्हाला हसवायची ही जागा नव्हे. म्हणून माझ्या बोलीत सांगतो.

लाडूच्या हातातलं तबक खाली ठेवलं गेलं. त्याने मान वर न करता सगळं कबूल केलं. पहिल्या दिवशीचं, अनंतच्या वेळचं, दर वर्षाचं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. तुम्ही बोट पुसताना मी पाहिलं."

त्याने विचारलं, मग तू दरवर्षी का येत राहिलीस? ती म्हणाली, सासूला ते ऐकल्याशिवाय अन्न जात नव्हतं, म्हणून. लाडूने हात जोडले. म्हणाला, मला माफ कर. मंडळी, तुम्हाला वाटत असेल, आता ती माफ करेल. पूर्वीचा मी असतो तर इथे तिला माफ करायला लावलं असतं. तिने केलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही फसवलंत, ते एक. पण अकरा वर्षं मी देवाच्या दारात येते आहे, आणि एकदाही मला त्याच्याशी बोलायला मिळालं नाही. दर वेळी मध्ये तुम्ही. आता बाहेर उभे राहा."

त्या गाभाऱ्यात गुरवाच्या घराण्याखेरीज कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं. लाडू बाजूला झाला. ती आत गेली. तो सभामंडपात पाठ फिरवून उभा राहिला. मग तिचा आवाज आला, भांडल्यासारखा. बराच वेळ ती भांडत होती. मग रडली. ती बाहेर आली तेव्हा गळा मोकळा होता आणि मंगळसूत्र पदराच्या गाठीत होतं. लाडूने विचारलं, देवाने काही सांगितलं का?

ती म्हणाली, "नाही. पण आज मी विचारलं तरी."

आणि मासे उलटायची वेळ झाली म्हणून निघून गेली.

हे सगळं मला सांगून लाडू म्हणाला, बुवा, एवढं करा, ते आख्यान आता थांबवा. मी हो म्हटलं.

मंडळी, आता जे सांगायचंय ते सांगताना माझी मान वर राहात नाही. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी फळ्यावर त्याच आख्यानाचं नाव लिहिलेलं होतं. मी तेच सांगितलं. तसंच, टिपेच्या सुरात. त्यानंतर आणखी दोन गावांत सांगितलं. लाडूने निदान पहिल्यांदा दयेपोटी केलं होतं. मी कशापोटी केलं?

तिसऱ्या गावात कीर्तनानंतर एक बाई पाया पडायला आली. नवरा सोडून गेल्याला सात वर्षं झालेली. भाऊ म्हणत होता, माहेरी ये, शिवणाचं मशीन घेऊन देतो. ती म्हणाली, "तुमचं ऐकलं आणि ठरवलं बुवा. मीही वाट बघणार." आणि मी काय म्हणालो? म्हणालो, देव भलं करो. आणि जेवायला बसलो.

सकाळी तिचं घर शोधत गेलो. अंगणातच उभं राहून खरं काय ते सांगितलं. ती सडा घालता घालता थांबली. म्हणाली, "मग काल खोटं का सांगितलंत?" तिने उरलेला सडा घातला आणि आत गेली. पुढे ती माहेरी गेली का नाही, मला माहीत नाही.

तिथून मी खारेबंदरला गेलो. लाडूने गावकी बोलावून सगळ्यांसमोर कबुली दिली होती. गाव काय म्हणालं असेल? एक म्हणाला, माझा बांध तुझ्या कौलावर ठरलाय, गप्प बस. दुसरा म्हणाला, मुलीचं ठरलेलं लग्न तुझ्या डाव्या पाकळीवर मोडलं, आता काय सांगू तिला? देवावरचा विश्वास उडेल, म्हणून सगळे ओरडले. शेवटी कौल लाडूच्या चुलतभावाकडे दिला. तो अजून चालू आहे. लाडू आता फक्त देऊळ झाडतो. मथुरा सोमवारी येते, दाराशी बसते, काही बोलत असावी, उठून जाते. तिच्या वाट्याची गेलेली वर्षं कुणी परत आणून दिली नाहीत.

मंडळी, तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कौल नाही. नसेल. पण शेवटचं कधी बोललात त्याच्याशी, तुमच्या स्वतःच्या शब्दांत? वाडवडिलांनी दिलेलं सगळं टाकून द्या, असं मी म्हणत नाही, तेवढी माझी लायकी नाही. एवढंच म्हणतो, की उत्तर माझ्याकडून घेऊ नका. मी अजूनही टाळ्यांना भुलतो. आत्ता बोलतानासुद्धा तुमच्यातलं कोण डोळे पुसतंय, ते मी बघत होतो.

म्हणून आज शेवटी मी गजर करणार नाही. मृदंग खाली ठेवा, पेटीवाले, भाता बंद करा. मी इथेच, तुमच्यात येऊन बसतो. ज्याला भांडायचंय त्याने भांडावं. ज्याला शब्द सुचत नाहीत त्याने नुसतं बसावं. तोंड गाभाऱ्याकडे करा.

माझ्याकडे बघू नका.