स्फोटाच्या आधी की नंतर

(एप्रिल १९९४. बाबासाहेबांच्या जयंतीची आदली संध्याकाळ. मीरा रोडला हाटकेशमधली एक गॅलरी. खाटेवर वैजयंताबाई पडल्या आहेत. मुलगा कोंडिराम आणि नात साक्षी खाली चटईवर.)

साक्षी : मग दुसरी ओळ हीच लिहू ना, पप्पा? पहिली बाबासाहेबांची. खाली, ‘१९४४, मुंबईच्या गोदीत बोटीचा स्फोट.’ विहाराच्या दिनविशेषाच्या फळ्यावर उद्या सगळे वाचणार.

कोंडिराम : लिही. पन्नास वर्षं झाली त्याला.

साक्षी : तुम्हालाही झाली की. आजी म्हणते, तुम्ही त्याच दिवशी झालात. तिसरी ओळ तुमची टाकू?

कोंडिराम : वेडी का गं? जयंतीच्या दिवशी आपला कसला वाढदिवस. दाखल्यावर एक जून आहे, तेच बरंय. आमचा अख्खा वर्ग एक जूनचा. गुरुजींनी एका दमात सगळ्यांना जन्माला घातलं.

वैजयंता : कापूस पडत हुता.

साक्षी : आजी, जागी आहेस? मला वाटलं झोपलीस.

वैजयंता : डोळा लागला की तेच दिसतं गो. आभाळातनं कापूस येतोय. पेटलेला. हळूहळू, तरंगत. त्याआधी केवढा आवाज झाला, माझगावच्या आमच्या खोलीची काच सगळी आत आली. आन् मग एकदम शांत. नुसता कापूस. मी कोंडूला पदराखाली घेऊन बघत बसले. भ्यायचं सोडून मला बरंच वाटत हुतं. येडीच मी.

साक्षी : त्या बोटीवर सोनं पण होतं म्हणे. लोकांच्या घरात सोन्याच्या विटा पडल्या.

वैजयंता : आमच्या वाट्याला कापूस आला.

कोंडिराम : आये, थांब जरा. पदराखाली मी होतो?

वैजयंता : मग कोण असणार?

कोंडिराम : म्हणजे स्फोट झाला तेव्हा मी झालेलो होतो? तू तर कायम म्हणतेस, स्फोटाच्या वक्ताला झालास. आधी की नंतर, ते कधी कळलंच नाही.

वैजयंता : वक्ताला म्हणजे त्या दिवशी रे. माझ्याकडं काय घड्याळ हुतं?

साक्षी : पण फरक काय पडतो? तारीख तर तीच ना.

कोंडिराम : पडतो गं. तुझे आजोबा त्या दिवशी गोदीवर गेले ते परत आलेच नाहीत. मी जर आधी झालो असेन...

साक्षी : तर त्यांनी तुम्हाला बघितलं असेल.

कोंडिराम : हं.

साक्षी : इतक्या वर्षांत आजीला विचारलंच नाहीत?

कोंडिराम : भीती वाटायची. नाही म्हणाली असती तर? विचारलं नाही तोवर बघितलं असेल, असं म्हणता तरी येत होतं. पण आता विचारतो. आये, बाबांनी मला बघितलं का?

वैजयंता : बघितलं की. तो कामावर गेला, आन् मागनं सकाळच्याला तू झालास. त्याला गोदीत सांगावा गेला, तसा दुपारच्या सुट्टीत पळत आला. कोळसा उतरवायचं काम. सगळा काळा, डोळे तेवढे पांढरे. दारातच हसायला लागला.

कोंडिराम : मला घेतलं?

वैजयंता : नाय रे. अनसूया सुईण त्याच्या अंगावर ओरडली, असल्या हातानं पोराला घ्यायचं नाय म्हणून. बरं म्हणला. सांजच्याला आंघोळ करून घेतो म्हणला.

साक्षी : आणि मग गेले?

वैजयंता : गेला. कामावर जायलाच पायजे हुतं.

कोंडिराम : राहू दे, आये. बघितलं, एवढं पुष्कळ झालं मला.

वैजयंता : ऐक तरी. जाताना अनसूयेची पाठ वळली, तसं एक बोट लावलं त्यानं तुझ्या गालाला. काळं उमटलं. मागनं ती पुसायला आली. मी म्हटलं, हात लावायचा नाय, बापानं तीट लावलीय. गमतीत म्हटलं हुतं. मग ती बातमी आली. पुढं कितीतरी दिवस तुला न्हाऊ घालायचे ते तेवढा गाल सोडून.

कोंडिराम : कुठला गाल?

वैजयंता : जवळ ये. वाक जरा. इथं.