नकाशातलं पाणी

नाही, पण मला एक सांगा, नदीनं कधी अर्ज करायचा असतो का हो? हसताय काय! मी या कानांनी ऐकलंय. नगरपालिकेचं मोजणी खातं, दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली, जिथं पंखा फिरतो पण वारा त्याच्या मनात आलं तरच लागतो... तिथं मोजणीसाहेब मला तोंडावर म्हणाले, "नदीनं जागा बदलली असं तुम्ही म्हणता. ठीक आहे. पण तसा अर्ज कुठाय? आमच्याकडे तिचा काही अर्ज आलेला नाही." आता बोला!

मुळापासून सांगतो. मला नोटीस आली. "आपले घर नदीच्या मुख्य प्रवाहात उभे असून त्यामुळे प्रवाहास अडथळा होत आहे, तरी ते तीस दिवसांत काढून घ्यावे, अन्यथा खात्यामार्फत पाडण्यात येईल." वाचली, चष्मा पुसला, परत वाचली, दारात जाऊन उभा राहिलो. समोर इस्त्रीवाला, त्याला लागून सायकलवाला, मधे रस्ता, रस्त्यात धूळ, धुळीत एक कुत्रं पाय पसरून झोपलेलं. अहो, नदी आमच्या घरापासून चालत अर्धा तास! तेही झपझप चाललात तर. अडथळ्याचं सांगितलं, तर बायको आतून म्हणाली, "कशाला अडथळा?" म्हटलं, "नदीला." तर म्हणते, "कुठल्या?" आता शहराला नदी एकच आहे, पण तिचाही प्रश्न काही चुकीचा नव्हता.

आणि घरात बाबा. आमचे वडील. ब्याऐंशी वर्षांचे, हाडानं नावाडी. चाळीस वर्षांपूर्वी, तेव्हा मी शाळेत होतो, पूर आला, पूर ओसरला, आणि सकाळी उठून बघतो तर नदी गेलेली! आटली नाही हो, गेली. कूस बदलावी तशी पलीकडे सरकली आणि बाबांची नाव कोरड्या वाळूवर तशीच उभी. बाबांनी काय केलं? नाव होती त्याच जागी घर बांधलं. नावेच्या फळ्यांचा दरवाजा केला, वल्ही माळ्यावर टाकली, आणि त्या दिवसापासून नदीचं नाव तोंडातून काढलं नाही. बघायलासुद्धा गेले नाहीत. आई होती तेव्हा म्हणायची, "एकदा जाऊन तर या." तर म्हणायचे, "मी नाही सोडून गेलो. तिला यायचं असेल तर येईल." चाळीस वर्षं हा माणूस एका नदीवर रुसून बसलाय, आणि ही नोटीस मी त्यांना वाचून दाखवायची? कोणत्या तोंडानं? नोटीस उशीखाली ठेवली आणि गेलो खात्यात.

तिथं साहेबांनी नकाशा काढला. नकाशा कसला, सतरंजीच ती! बोट ठेवलं निळ्या पट्ट्यावर. "हे तुमचं घर." मी म्हटलं, "साहेब, ही तर नदी." "तेच तर म्हणतोय." "अहो, पण नदी तिथं नाहीये!" साहेबांनी माझ्याकडं अशा काही मायेनं पाहिलं, डॉक्टर तापातल्या माणसाकडं पाहतो ना, तसं. म्हणाले, "नकाशात पाणी आहे."

संपलं. त्यावर बोलणंच नाही. हा नकाशा कसा होतो तुम्हाला सांगतो, कारण मला आतलं सगळं माहीत आहे. दर दहा वर्षांनी नवा करायचा असा नियम आहे. मग काय करतात, जुन्या नकाशावर पातळ कागद ठेवतात आणि गिरवतात. मग दोन कारकून दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बारकाईनं तपासतात, जुळतात का. जुळतात! न जुळायला काय झालं! मी त्यांच्या बारीक कारकुनाला विचारलं, "अहो, जागेवर जाऊन कुणी बघतं का?" तो दचकला. म्हणाला, "जागेवर जाऊन बघितलं तर फरक पडेल ना!"

"मग ते पान बदला," मी म्हटलं. साहेबांनी नकाशांचं बाड उचललं, दोन्ही हातांनी ताणून दाखवलं. "बदललं असतं हो. पण बांधणी बघा. दुहेरी दोरा, कापडी पाठ. एक पान काढायचं तर अख्खं पुस्तक फाटेल. कुणी बांधलंय कोण जाणे, त्याचा हात धरील असा माणूस नाही." मी नजर खिडकीकडं वळवली. कारण... आता तुमच्यापासून काय लपवायचं... ते मीच बांधलंय. मी बाइंडर आहे. नगरपालिकेची सगळी जुनी दप्तरं गेली बावीस वर्षं माझ्याकडं येतात. त्या वर्षी खळ मी घरी शिजवली होती, म्हटलं, शंभर वर्षं हलता कामा नये. आपल्याच हातानं आपलं घर नदीत घट्ट शिवून टाकलं की हो मी!

तर बांधता बांधता मी वाचतो. ती खोडच आहे. खळ सुकेपर्यंत दुसरं करायचं काय? दुपारची वेळ, दुकानात ऊन तिरकं आलेलं, कागदाचा तो जुना, जरासा गोडसर वास, आणि मी या शहराचा इतिहास मांडीवर घेऊन बसलेला. काय इतिहास आहे म्हणून सांगू! मुळात हे शहर नव्हतंच. दोन गावं. एक या काठाला, एक त्या काठाला, आणि एकमेकांशी बोलणं बंद. का बंद, ते कुठं लिहिलेलं नाही. बहुतेक त्यांच्याही लक्षात नव्हतं. मग कोणी एक राजा नावेतून चालला होता, त्याला डुलकी लागली, जाग आली तेव्हा दोन्हीकडं दिवे. अर्धवट झोपेत म्हणाला, "काय सुंदर शहर आहे!" झालं! राजा म्हणाला शहर म्हणजे शहर. आता शहर म्हटल्यावर सभा पाहिजे. सभा कुठं भरवायची? हे म्हणाले, आम्ही तिकडं यायचे नाही. ते म्हणाले, आम्ही इकडं पाय ठेवायचे नाही. शेवटी नदीच्या मधोमध नाव उभी केली, नांगर टाकला आणि सभा नावेत! अहो, खरंच. सगळी इतिवृत्तं पाण्यानं फुगलेली, मी एकेक पान वाळवलंय.

आणि निर्णय कसा घ्यायचे माहितीय? नाव कलेल तसा. होकाराची बाजू डावी, नकाराची उजवी. ठराव मांडायचा आणि नाव कुठं कलते बघायचं. गोल बुडाची नाव, लगेच कळायचं. पण पुढचं कलम ऐका. "सभासदांनी नावाडी बसवील तेथे बसावे." आता सांगा, कारभार कोणाच्या हातात होता? पागोटी यांची, शिक्के यांचे, आणि शहर चालवत होता नावाडी! "अहो जाडे, तुम्ही तिकडं सरका," असं म्हणत त्यानं पूल नामंजूर केले असतील, पेठा वसवल्या असतील... मला तर वाचता वाचता ते सगळं दिसायला लागायचं. संथ पाणी, मधोमध ती नाव, कुणीतरी ठराव वाचतंय, आणि मागं वल्ह्यावर हनुवटी टेकून तो बसलाय. चेहरा मात्र माझ्या बाबांचा. खळीचं भांडं कितीदा करपलंय माझं.

तर ते असो. मी अर्ज केला की जागेची पाहणी करा. साहेब म्हणाले, "करू की. पण नियम आहे, पाण्यातल्या जागेची पाहणी नावेतूनच करायची." म्हटलं, "साहेब, रिक्षा येते हो दारापर्यंत!" साहेब म्हणाले, "नकाशात पाणी आहे." आणि खात्याची नाव? अकरा वर्षं दुरुस्तीला! पाहणी होईपर्यंत घर पाडता येत नाही, तेव्हा मी मनात म्हटलं, चला, सुटलो. आता ती नाव काही दुरुस्त होत नाही. पण आमचं नशीब बघा, जे खातं अकरा वर्षं खिळा ठोकत नव्हतं ते आठ दिवसांत झडझडून कामाला लागलं. नावेला रंगसुद्धा दिला!

आणि एकोणतिसाव्या दिवशी, सकाळी दहाला, आमच्या रस्त्यावरून नाव आली.

तुम्हाला सांगतो, विसरणार नाही मी ते. हातगाडीवर नाव. दोन हमाल पुढं ओढतायत, दोन मागून लोटतायत. नावेत मोजणीसाहेब, भलं मोठं पोट, गळ्यात तरंगायची पेटी. त्यांच्यामागं बारीक कारकून मांडीवर बाडं घेऊन. आणि पुढं आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका बाई, छत्री उघडून. सगळे कसे गंभीर! आणि तो नवा निळा रंग उन्हात असा काही हलत होता की इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी केली, सायकलवाला हात पुसत बाहेर आला, आणि ते कुत्रं... ते कुत्रं उठून बाजूला झालं आणि अंग झटकलं हो त्यानं. ओलं झाल्यासारखं! मलाही क्षणभर पायाला गार लागलं.

नाव दारासमोर उतरवली. साहेबांनी ठराव वाचला, "सदर घर काढून टाकावे." मी हात जोडून पुढं झालो. म्हटलं, "साहेब, ही जागा ओळखलीत? नदीचा मध्य. सभेची नाव इथंच उभी असायची. इथं नावेत बसून ठराव मांडला तर तो नाव कलेल तसाच ठरतो. कलम सात. कधी रद्द झालेलं नाही. मी बांधलंय ते पुस्तक." साहेबांनी कारकुनाकडं बघितलं. कारकुनानं बाड उघडलं, बघितलं, मान डोलावली. बाई म्हणाल्या, "आहे ना लिहिलेलं? मग करा तसं. मला बाराला दुसरी सभा आहे." साहेब म्हणाले, "पण नावाडी कुठाय? आमच्याकडे ते पद चाळीस वर्षं रिकामं आहे."

आणि मागं दार वाजलं.

बाबा. दारात उभे. वल्हं हातात, म्हणजे माळ्यावरून कधी काढलं, कसं काढलं, देवाला ठाऊक. नोटीस मी उशीखाली ठेवली होती ना? ती त्यांची उशी निघाली. पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हातारबाबांना! माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नावेशी आले, काठावर हात ठेवला. घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा फिरवला. मग त्यांनी तिघांकडं एकेक नजर टाकली. फक्त एकेक! आणि आवाज काढला. अहो, चाळीस वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता.

"साहेब, मधे काय बसलात? नाव बुडवताय का? इकडं, उजवीकडं. अजून. अजून... हां! बाई, तुम्ही त्यांच्या मागं. छत्री मिटा, वारा धरते. आणि ए पोथीवाल्या, तू डावीकडंच बस, तुझ्यानं काही होत नाही. पण ती बाडं दे साहेबांच्या मांडीवर!"

आणि तिघं निमूट बसले हो! नोटिसा काढणारे लोक! नावाडी बोलला की माणूस मुकाट बसतो, ते रक्तातच असावं. बाबांनी वल्हं रस्त्याला टेकलं, हलकेच रेटा दिला, आणि नाव... नाव उजवीकडं कलली. अशी अलगद, की साहेबांनी घाबरून पेटी घट्ट धरली आणि बाई म्हणाल्या, "अगं बाई, पाणी!"

ठराव नामंजूर. घर वाचलं. मी रडलो, खोटं कशाला बोलू, इस्त्रीवाल्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. बायकोनं सगळ्यांना चहा दिला. साहेब म्हणाले, "इकडं आणून देता का? मी हललो तर ठराव फिरेल."

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग, आता कसली तक्रार? सांगतो ना. आठ दिवसांनी निकालाचा कागद आला. "पाहणी पथक जागेवर नावेने पोचले, यावरून तेथे पाणी असल्याची खात्री झाली. घर कायम. पाणीही कायम. रहिवाशांनी ये-जा करताना काळजी घ्यावी." हा कागद मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "शिक्का आहे?" म्हटलं, "आहे." "मग आली की ती," म्हणाले. "मी म्हणत होतो ना."

तेव्हापासून रोज संध्याकाळी बाबा दारात बसतात, वल्हं आडवं मांडीवर. भाजीवाल्याला सांगतात, "कडेनं ये रे, मधे ओढ आहे." सायकलवाला आधी हसला, आता तोही कडेनं येतो. आणि बाबांचा चेहरा असा झालाय... काय सांगू, फोटोत सुद्धा मी त्यांना इतकं खूश पाहिलेलं नाही. त्या चेहऱ्यासमोरून कोरड्या पायांनी चालत यायचं? मला नाही जमत हो. मला नाही बघवत.

म्हणून मी काय करतो, दुकान बंद करून कोपऱ्यावर येतो, इकडं तिकडं बघतो, चपला काढून हातात घेतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो... शिकलासवरलेला माणूस मी, पन्नाशीला आलेला... आणि एकेक पाऊल जपून टाकत घरी जातो. बायको दारातून विचारते, "आज किती आहे?"

म्हणतो, "पोटरीएवढं. उतरतंय हळूहळू."